साफ केलेली जुनी लेदर बॅग पुन्हा पांढरी, चिकट किंवा कुबट होते, तेव्हा काय करायचं?

सेकंडहँड लेदरची बॅग घरी आणली, पुसली, क्रीम लावलं, छान उजळली. काही आठवड्यांनी कपाटातून काढावी तर तोच पांढरट थर, तोच कुबट वास, नाहीतर हँडल पुन्हा हाताला चिकटतंय. मग पुन्हा पुसणं, पुन्हा क्रीम, या वेळी थोडं जास्तच. आणि त्रास आधीपेक्षा लवकर परततो.

असं होतं कारण डाग दिसतो एका जागी आणि त्याचं मूळ असतं दुसऱ्याच जागी. ते अस्तरात असेल, तळाच्या पुठ्ठ्यात असेल, चामड्यात मुरलेल्या चरबीत असेल किंवा आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं चोपडलेल्या तेलात असेल. वरून कितीही पुसलं तरी आतला साठा शिल्लक राहतो आणि हळूहळू वर येत राहतो. त्यामुळे अशी बॅग हातात आली की ती कशाने पुसायची हे नंतर ठरवा. काय परत येतंय आणि कुठून येतंय, ते आधी शोधा. त्यात एक संध्याकाळ गेली तरी चालेल.

आधी चामडं ओळखा

एकाच्या बॅगेवर चाललेला उपाय दुसऱ्याच्या बॅगेची वाट लावतो, कारण दोन्ही बॅगांवरचं आवरण वेगळं असतं. आवरण ओळखायला पाण्याचा एक थेंब पुरतो. झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा तळाशी, सहसा दिसणार नाही अशा ठिकाणी तो ठेवा आणि मिनिटभर बघा. थेंब मोत्यासारखा तसाच राहिला तर चामड्यावर रंगाचा आणि पॉलिमरचा थर आहे, म्हणजे ते पिगमेंटेड आहे. दुकानांत मिळणाऱ्या बहुतेक बॅगा याच प्रकारच्या असतात. थेंब लगेच आत शिरून जागा गडद झाली तर चामडं अ‍ॅनिलिन आहे, म्हणजे नुसतं आत मुरणाऱ्या रंगाने रंगवलेलं, किंवा त्यावर काहीच आवरण नाही. हे चामडं दिसायला सुंदर असतं, पण ते तेल, घाम, शाई सगळं शोषून घेतं. थेंब हळूहळू मुरला तर ते मधल्या प्रकारचं, सेमी-अ‍ॅनिलिन.

स्वेड आणि नूबक मखमलीसारख्या स्पर्शाने ओळखू येतात. त्यांना क्रीम, तेल, ओलं फडकं यातलं काहीच लावायचं नाही. मऊ ब्रश आणि स्वच्छ पांढरा खोडरबर, बस्स. पेटंट लेदर आरशासारखं चकाकतं. त्यावर प्लास्टिकचा जाड थर असल्याने क्रीम आत जाण्याचा प्रश्नच येत नाही.

आणि बॅग मुळात लेदरची आहे ना? शिवणीजवळची एखादी कापलेली कड शोधा. खऱ्या चामड्याच्या कडेला तंतूंचा गुंता दिसतो. विणलेलं कापड आणि त्यावर रंगीत पापुद्रा दिसला तर ते पीयू (पॉलियुरेथेन) किंवा पीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचं नकली लेदर. बाँडेड लेदर नावाचा आणखी एक प्रकार आहे, त्यात चामड्याचा चुरा चिकटद्रव्याने जोडून वर प्लास्टिकचा मुलामा दिलेला असतो. या तिन्हींना लेदर क्रीमचा उपयोग शून्य.

घरगुती उपायांबद्दल इथेच सांगून टाकतो. चामडं स्वभावतः आम्लधर्मी असतं, त्याचा पीएच साधारण ३.५ ते ५ असतो. अंगाचा साबण, कपड्यांची पावडर, खाण्याचा सोडा हे सगळे अल्कधर्मी. ते वारंवार लावले की चामडं कोरडं आणि कडक होतं, आवरणही सैल पडतं. व्हिनेगर उलट टोकाला, त्याचा पीएच २.५ च्या आसपास. पातळ केलेल्या व्हिनेगरने एकदा पुसल्याने प्रलय येत नाही, पण ते सर्व रोगांवरचं औषध असल्यासारखं सांगितलं जातं, तसं ते मुळीच नाही. सॅडल सोपसुद्धा अल्कधर्मीच असतो. तो घोड्याच्या खोगिराच्या जाड, तेलकट चामड्यासाठी बनला, नाजूक अ‍ॅनिलिन पर्ससाठी नव्हे. आणि बेबी वाइप्स रोजच्या वापराला नकोतच. त्यातली द्रव्यं आवरण हळूहळू खातात आणि ते लक्षात येईपर्यंत हँडलचा रंग गेलेला असतो.

पांढरा थर: बुरशी, चरबी की मीठ?

सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. पांढरं दिसलं की बुरशी समजून अल्कोहोल चोळायला सुरुवात होते. पण तीन अगदी वेगळ्या गोष्टी चामड्यावर पांढऱ्या दिसतात आणि तिघींचे उपाय वेगळे आहेत.

हेअर ड्रायर कोमट हवेवर ठेवून हातभर अंतरावरून त्या जागेवर अर्धा मिनिट फिरवा. थर डोळ्यांदेखत नाहीसा झाला आणि जागा गार झाल्यावर काही वेळाने किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा उमटला, तर ती चरबी. काहीच फरक पडला नाही, पण ओलसर फडक्याने पुसल्यावर तो विरघळून गेला, तर मीठ. गरम करूनही जात नाही, जवळून पाहिल्यावर बारीक लव दिसते, ठिपके गोलाकार पसरलेत आणि नाक जवळ नेलं की जुन्या तळघराचा वास येतो, तर बुरशी. मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून पाहिलं तर लव स्पष्ट दिसते.

चरबीचा थर म्हणजे चामड्यातलीच स्निग्धाम्लं, मुख्यतः स्टिअरिक आणि पामिटिक. चामडं कमावताना त्यात तेलं घातली जातात. नंतर मालक क्रीम आणि तेल लावत राहतो. हवा गार झाली की त्यातला घट्ट होणारा भाग पृष्ठभागावर येऊन गोठतो. शुद्ध स्टिअरिक आम्ल ६९ अंश सेल्सिअसला वितळतं, पण चामड्यात ते इतर तेलांत मिसळलेलं असल्याने त्याहून बऱ्याच कमी उष्णतेला सैल पडतं. ड्रायरची चाचणी चालते ती यामुळेच. उपायही त्यातच आहे. जागा कोमट करायची, धागे न सुटणाऱ्या मऊ सुती फडक्याने टिपून घ्यायची आणि फडक्याची बाजू बदलत राहायची. एका बैठकीत सगळं निघणार नाही, कारण खालचा साठा वर यायला वेळ लागतो. काही दिवसांच्या अंतराने पुन्हा करा. या काळात बॅगेला कोणतंही तेल किंवा क्रीम लावू नका. पांढरं दिसतंय म्हणजे चामडं कोरडं पडलंय, असं समजून लोक नेमकं उलटं करतात. त्याला स्निग्धता कमी पडत नसून जास्त झालेली असते. दर हिवाळ्यात पांढरी होणारी आणि उन्हाळ्यात आपोआप बरी होणारी बॅग असेल, तर तिथे बहुधा हेच चाललेलं असतं.

मीठ वेगळ्या वाटेने येतं. बॅग कधीतरी चिंब भिजली असेल, घाम मुरला असेल किंवा चामडं कमावतानाचे क्षार आत राहिले असतील. पाणी उडून जाताना क्षार पृष्ठभागावर सोडून जातं, बरेचदा लाटेसारख्या कडेने. एकाच डागावर पाणी लावलं तर डाग फक्त सरकतो. त्यामुळे शिवणीपासून शिवणीपर्यंत अख्खा भाग डिस्टिल्ड पाण्याने हलकासा, सारख्या प्रमाणात ओलसर करा आणि सावलीत वाळू द्या. नळाचं पाणी जड असेल तर तेच नवे क्षार सोडतं, म्हणून डिस्टिल्ड. वाळल्यावर आलेलं मीठ पुन्हा ओलसर फडक्याने टिपा. दर वेळी ते कमी होत जाईल. ओलं चामडं झटपट वाळवायला गरम हवा मात्र वापरू नका. व्हेजिटेबल टॅन केलेलं, म्हणजे झाडांच्या सालींसारख्या वनस्पतींच्या अर्काने कमावलेलं चामडं पूर्ण ओलं असताना साधारण ७५ ते ८५ अंशांना आकसतं आणि एकदा आकसलं की परत पसरत नाही. क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं जास्त सोसतं, पण घरी बसून नक्की कोणतं ते ठरवायच्या भानगडीत पडू नका.

आता बुरशी. बुरशी असलेली बॅग घरात झटकायची नाही. बाहेर मोकळ्या हवेत, मास्क लावून, मऊ ब्रशने कोरडीच झाडायची. आधी ओलं फडकं फिरवलं तर बीजाणू शिवणींच्या भोकांत जाऊन बसतात. ब्रश नंतर धुऊन टाका, तो पॉलिशच्या डब्यात परत ठेवू नका. मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घ्या, बॅगेवर ओतू नका. ९९ टक्क्यांचं जास्त जोरदार असेल असं वाटतं, पण ते क्षणात उडून जातं आणि बुरशीच्या पेशीत शिरून तिथली प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतंच. एका दिशेने पुसा, दर वेळी फडक्याची नवी बाजू घ्या. एक इशारा: अल्कोहोल काही आवरणं आणि अ‍ॅनिलिनचा रंग विरघळवतं. लपलेल्या जागी इअरबडने करून पाहा. बड रंगला तर अल्कोहोलचा नाद सोडा आणि कोरडी झाडाझूड, व्हॅक्यूम आणि वाहती हवा यांवरच भागवा. डाग राहील, पण बुरशी थांबवता येते.

बुरशी गेली तरी तिचा काळपट किंवा हिरवट डाग कधीकधी तसाच राहतो. तो रंगद्रव्याचा असतो, जिवंत बुरशीचा नसतो. घासून घासून आवरण फाडण्यापेक्षा तो सोडून दिलेला बरा.

इतकं करूनही ती परतते, याचं कारण हवेतला ओलावा. बीजाणू सगळीकडे असतात, ते कुणालाही संपवता आलेले नाहीत. सापेक्ष आर्द्रता बराच काळ ६५ ते ७० टक्क्यांच्या वर राहिली की त्यांना रुजायला जागा मिळते. आणि खाद्य? हातांचा घाम, त्वचेचा तेलकटपणा, तुम्ही प्रेमाने लावलेलं खोबरेल. म्हणून ती हँडलवर, झाकणाच्या आत आणि शिवणीत आधी येते. बॅग प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवणं म्हणजे तिला ओलाव्यासकट कोंडणं.

वास जात नाही? आत बघा

बाहेरचं चामडं चार वेळा पुसून वास गेला नसेल तर पाचव्यांदा पुसू नका. वास कुठून येतो हे शोधायची एक सोपी रीत आहे. धुतलेल्या, सुगंध नसलेल्या सुती कापडाचे दोन तुकडे घ्या. एक बॅगेत ठेवून चेन बंद करा, दुसरा बाहेरून बॅगेवर पसरा आणि सगळं एका झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी दोन्ही तुकडे लांब नेऊन हुंगा. जुन्या बॅगांत बहुतेक वेळा आतला तुकडाच दोषी निघतो.

अस्तर बाहेर ओढता येत असेल तर उलटं करा. कोपऱ्यांत जे सापडतं ते बघण्यासारखं असतं: तंबाखूचा चुरा, फुटलेली लिपस्टिक, गोळ्यांची पूड, कधीकाळी सांडलेल्या अत्तराचा तेलकट डाग. व्हॅक्यूमच्या अरुंद नळीने कोपरे ओढून काढा. मग कोमट पाण्यात सौम्य डिटर्जंटचा एखादाच थेंब टाकून फेस करा आणि फक्त फेस फडक्यावर घेऊन अस्तर पुसा. पाणी अस्तरातून चामड्यापर्यंत जाता कामा नये. पांढऱ्या फडक्यावर पिवळट-तपकिरी काही उतरत असेल तर ते बहुधा सिगारेटच्या धुराचं टार असतं. ते उतरेनासं होईपर्यंत हा कार्यक्रम चालतो. नंतर अस्तर बाहेर ओढलेलंच ठेवा आणि पंख्यासमोर पूर्ण वाळवा. थोडा ओलसरपणा राहिला आणि अस्तर आत ढकललं की तुम्ही स्वतःच नवा कुबट वास तयार करता.

आणि तळ. बहुतेक लोक तिथे बघतच नाहीत. बॅग उभी राहावी म्हणून अस्तर आणि चामडं यांच्यामध्ये एक ताठ पट्टी असते आणि जुन्या बॅगांत ती बरेचदा पुठ्ठ्याची असते. एकदा भिजलेला पुठ्ठा वर्षानुवर्षं वास धरून ठेवतो आणि दमट हवेत तोच वास पुन्हा सोडतो. तळ आतून बोटांनी दाबून बघा. मऊ पडलेला, फुगलेला किंवा करकर वाजणारा लागला तर अस्तराच्या तळाच्या शिवणीचे काही टाके उसवून तो बाहेर काढा. त्याच मापाची पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची पातळ शीट कापा, तिचे कोपरे गोल करा, ती आत सरकवा आणि टाके परत घाला. सुईदोरा हातात धरता येत असेल तर हे काम जमतं. वासाच्या बाबतीत यापेक्षा मोठा फरक पाडणारा दुसरा उपाय मला माहीत नाही.

मूळ काढल्यावर उरलेल्या वासासाठी अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल किंवा झिओलाइट या वास शोषणाऱ्या खनिजाच्या पुड्या. बॅग उघडी ठेवून त्यांच्यासोबत बंद डब्यात, आणि तीही आठवडेच्या आठवडे. एका रात्रीत काही होत नाही. खाण्याचा सोडा वापरायचाच असेल तर वाटीत ठेवा, बॅगेत भुरभुरू नका. शिवणींत अडकलेला सोडा ओलावा लागला की अल्कधर्मी होतो आणि त्याची पांढरी पूड पुढचे कित्येक महिने रुमालाला लागत राहते. अत्तर, फॅब्रिक स्प्रे, अगरबत्तीचा धूर यांनी वास जात नाही, वासांची संख्या वाढते. बॅग फ्रीझरमध्ये ठेवण्याचा सल्ला फिरत असतो. थंडीने बुरशी झोपते, मरत नाही. ओझोन सोडणारी यंत्रं वास मोडतात खरी, पण तो वायू रंग, रबर आणि चामडं यांनाही मोडतो आणि फुप्फुसांनाही. घरात तो नकोच.

चिकटपणा

चिकट बॅग हातात आली की पहिला प्रश्न: चिकट बाहेर आहे की आत?

बाहेर चिकट आणि त्यावर धूळ बसून मळकट थर, हे जवळपास नेहमी अति क्रीमचं लक्षण असतं. पिगमेंटेड चामड्यावर थर असल्यामुळे क्रीम आत मुरतच नाही. ते वर राहतं, धूळ धरतं, पुढच्या वेळी त्यावर आणखी एक थर. पीएच चामड्याला जुळेल असं पाण्यावर आधारित लेदर क्लीनर घ्या, स्पंजवर फेस करा, छोट्या गोलाकार हातांनी फिरवा, फेस मळला की स्वच्छ ओलसर फडक्याने उचला. फडकं पांढरं राहीपर्यंत. मेणाचं बूट पॉलिश लावलेलं असेल तर जास्त वेळ लागेल. नंतर काही लावू नका. सवयीने हात क्रीमच्या डबीकडे जाईल, जाऊ देऊ नका.

आत, खिशांच्या कापडावर किंवा रबरासारख्या अस्तरावर चिकटपणा असेल तर गोष्ट वेगळी. अस्तराला पॉलियुरेथेनचा मुलामा दिलेल्या बऱ्याच बॅगा काही वर्षांनी अशा होतात. हवेतलं पाणी पॉलिमरच्या साखळ्या तोडतं, याला हायड्रॉलिसिस म्हणतात. न वापरता कपाटात बंद ठेवलेली बॅगसुद्धा यातून सुटत नाही. यावर टाल्कम पावडर लावतात, ती चार दिवस चालते, मग पावडर आणि चिकट द्रव्य मिळून राखाडी लगदा होतो. मुलामा मोडलाय, तो परत घट्ट होणार नाही. दोनच वाटा आहेत. मुलामा अल्कोहोलने आणि खरवडून पूर्ण काढायचा आणि खालचं कापड तेवढं ठेवायचं, किंवा अस्तरच बदलून घ्यायचं. पहिली वाट कंटाळवाणी असते आणि अल्कोहोल बाहेरच्या चामड्यापर्यंत झिरपण्याची भीती राहते. बॅग चांगली असेल तर मी दुसरी निवडतो.

हँडलचा चिकटपणा तिसऱ्याच प्रकारचा. तो तळहाताचा. वर्षानुवर्षांचा घाम, हँड क्रीम आणि सॅनिटायझर यांनी आवरण मऊ पडतं. फेसाच्या क्लीनरने वरची मळी निघते. अ‍ॅनिलिन हँडल काळपट झालं असेल तर स्टार्चची पूड रात्रभर लावून ठेवून सकाळी झाडा. थोडं तेल ओढलं जातं, सगळं नाही. आत मुरलेला काळेपणा पूर्ण निघेल असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. आवरणच विरघळून गेलं असेल तर सफाईचं काम संपलं, पुढचं रंगकाम आहे.

रिव्हेटभोवती हिरवं

पितळी रिव्हेट आणि कड्यांभोवती हिरवट, मेणासारखा लगदा साचतो. पुसला की जातो, महिन्यांनी परत येतो. चामड्यातल्या तेलाची स्निग्धाम्लं पितळेतल्या तांब्याशी मिळून हे हिरवं संयुग तयार करतात. म्हणजे इथेही तेलच. टोकदार लाकडी काडीने खरवडा, कोरड्या इअरबडने टिपा आणि यापुढे धातूच्या आजूबाजूला क्रीम लावू नका. धातू चकचकीत करायचं पॉलिश वापरणार असाल तर कडीखाली प्लास्टिकचा तुकडा सरकवून चामडं झाका, कारण अशा बऱ्याच पॉलिशांत अमोनिया असतो. मुलामा दिलेल्या धातूला पॉलिश लावलं तर मुलामाच निघतो, तिथे मऊ फडकंच बरं. जाता जाता चेनचं: अडत असेल तर दातांवर साधी पेन्सिल किंवा मेणबत्ती फिरवा, तेल नको.

रंग लावला आणि सोलून निघाला

झिजलेल्या कोपऱ्यांना लेदर पेंट लावला, सुंदर दिसला, आणि वापरायला लागल्यावर पापुद्र्यासारखा उठला. रंगाला दोष देण्याआधी खालचा पृष्ठभाग आठवा. त्यावर जुनं मेण, सिलिकॉनवालं पॉलिश किंवा क्रीम शिल्लक असेल तर कोणताही रंग धरणार नाही. सिलिकॉनची खूण ओळखता येते: ओला रंग लावतानाच आकसतो आणि बारीक गोल खळगे पडतात. तसं दिसलं तर तिथेच थांबा, रंग ओला असतानाच पुसा आणि पुन्हा स्वच्छ करा.

क्रम असा. आधी क्लीनर, मग कोपऱ्यापुरतं अल्कोहोल किंवा डिग्लेझर (जुनं आवरण उतरवणारं द्रावण), इतकं की जुनी चमक जाऊन पृष्ठभाग मॅट दिसेल. उठलेले तंतू अगदी बारीक सँडपेपरने बसवा. खळगे असतील तर लवचीक लेदर फिलर, पातळ थरांत. मग पाण्यावर आधारित अ‍ॅक्रिलिक लेदर रंग, स्पंजच्या तुकड्याने टिपत, इतका पातळ की पहिला थर अपुरा वाटावा. प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या. एक जाड थर वाकल्यावर तडकतो, चार पातळ थर वाकतात. शेवटी मॅट किंवा चमकदार टॉपकोट. त्याशिवाय रंग कपड्यांना लागेल. रंग दिवसाच्या उजेडात जुळवा, पिवळ्या दिव्याखाली जुळलेला काळा सकाळी निळसर निघतो. आणि काही दिवस बॅग वापरू नका, रंग स्पर्शाला कोरडा लागला तरी आतून पक्का व्हायला वेळ लागतो.

अ‍ॅनिलिनवर हा रंग लावला तर त्याचं मूळ रूप कायमचं झाकलं जातं, हे आधीच ठरवून करा.

शाई आणि जीन्सचा निळा, यांच्याबद्दल थोडक्यात. ताजं असेल तर क्लीनरच्या फेसाने बरंचसं निघतं, जुनं आवरणात उतरलेलं असतं. बॉलपेनच्या डागावर हेअर स्प्रे मारायचा जुना सल्ला त्यातल्या अल्कोहोलवर बेतलेला होता. तो शाई पसरवतो आणि वर चिकट राळ सोडून जातो. पेटंट लेदरवर उतरलेला रंग बहुतेकदा निघत नाही. म्हणून पेटंटची बॅग दुसऱ्या रंगीत वस्तूला टेकवून ठेवू नये.

कुठे थांबायचं

पीयू किंवा बाँडेड लेदर सोलायला लागलं की ते थांबत नाही. गोंदाने चिकटवलेल्या भागाशेजारी नवा भाग उठतो. चामडं आरपार चिरलं असेल तर क्रीमने चीर मिटत नाही, आतून कापडाचा तुकडा चिकटवून आधार द्यावा लागतो. फार जुन्या, व्हेजिटेबल टॅन केलेल्या बॅगेवर तांबूस भुकटी हाताला लागत असेल तर तो रेड रॉट. आम्लामुळे तंतूच विघटित झालेले असतात. त्याला पाणी लावलं की चामडं काळं आणि ठिसूळ होतं. संग्रहालयांत यासाठी अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं हायड्रॉक्सीप्रोपिल सेल्युलोज वापरतात. त्याने भुकटी बांधली जाते, चामडं पुन्हा मजबूत होत नाही. अशी बॅग शेल्फवर ठेवायची, खांद्याला लावायची नाही.

ठेवताना

आत पांढरे टिश्यू भरा, छापील वर्तमानपत्र नको, त्याची शाई फिक्या अस्तराला लागते. वरून सुती पिशवी किंवा जुना उशीचा अभ्रा. कपाटात साधा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४५ ते ५५ टक्क्यांदरम्यान असेल तर बुरशीची चिंता सोडा, आणि फार खाली गेला तर चामडं कोरडं पडेल. सिलिका जेल त्याच्या वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा पाणी शोषतं आणि मग निरुपयोगी होतं, पुडी बॅगेत वर्षभर तशीच पडून असेल तर ती फक्त जागा अडवतेय. रंग बदलणारं घ्या, पण नारिंगीचं हिरवं होणारं. निळ्याचं गुलाबी होणाऱ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे. १२० अंशांच्या आसपास दोन-तीन तास तापवलं की दाणे पुन्हा कामाला येतात, तापवताना कागदी पुडीतून मात्र बाहेर काढा.

क्रीम फक्त अ‍ॅनिलिन आणि आवरण नसलेल्या चामड्याला, तेही वाकवल्यावर कोरडं वाटलं तर, नखाएवढं घेऊन, आणि अर्ध्या तासाने जे वर राहील ते पुसून टाकून. पिगमेंटेड बॅगेला ओलसर फडकं पुरतं. काम झालेली बॅग पंधरा दिवस बाहेर उघडी ठेवा आणि मग पांढऱ्या कोरड्या फडक्याने हँडल, झाकणाची आतली बाजू आणि तळाचे कोपरे पुसून बघा. फडक्यावर काही उतरलं तर कुठून उतरलं ते लिहून ठेवा, पुढची सफाई तिथूनच सुरू करायची आहे.